भिंत भरणारी अक्षरे : विजापूरची जाळी आणि कॅडचा हॅच

सोलापूर असो की अक्कलकोट, घर बांधायला काढले की पहिला कागद तयार होतो तो नकाशाचा. त्या नकाशात कापलेली भिंत कोरी ठेवत नाहीत. विटेची भिंत असेल तर तिरप्या रेघा, काँक्रीट असेल तर ठिपके आणि बारीक त्रिकोण, फरशी असेल तर चौकटी. पूर्वी ड्राफ्ट्समन सेटस्क्वेअर सरकवत ही भर हाताने करायचा. आता ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बंदिस्त जागेत क्लिक केले की ती क्षणात भरून येते. या भरावाला हॅच म्हणतात.

या कामातल्या माणसाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. रेघा-ठिपक्यांऐवजी अक्षरे भरता येतील का? गिऱ्हाइकाला कंपाउंडच्या ग्रिलमध्ये आडनाव हवे असते, दुकानदाराला भिंतभर दुकानाचे नाव, मशिदीच्या कमिटीला खिडकीच्या जाळीत कलमा. सॉफ्टवेअरचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. अक्षर टाइप करून 'याचा हॅच कर' असे सांगायची सोय त्यात नाही. का नाही, हे समजून घ्यायला लागलो की आपण संगणक सोडून कुठल्या कुठे, पार आदिलशाहीत जाऊन पोहोचतो.

सोलापूरकरांना तिथे जायला फार लांब पडत नाही. होटगी जंक्शनवर रेल्वे दुभंगते. एक मार्ग कलबुर्गी-वाडीकडे जातो, दुसरा भीमा ओलांडून विजापूरकडे. हा दुसरा फाटा शंभराहून अधिक वर्षे मीटरगेज होता. मराठी, कन्नड आणि दखनी एकाच बाकावर ऐकू येणारा हा पट्टा. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या त्या फार नंतर. सोलापूरचा किल्ला कधी निजामशाहीकडे, कधी आदिलशाहीकडे असायचा. चाँदबीबीचे लग्न अली आदिलशाहाशी झाले तेव्हा सोलापूर आंदण म्हणून विजापूरला गेले. याच चाँदबीबीने पुढे लहानग्या इब्राहिमच्या वतीने राज्य सांभाळले. तो इब्राहिम म्हणजे इब्राहिम आदिलशाह दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७). त्याच्या कबरीच्या भिंती आणि खिडक्या अक्षरांनी भरलेल्या आहेत. ते अक्षरकाम पाहण्याआधी संगणकाची अडचण नीट पाहू.

हॅचची नक्षी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेली असते. पहिल्या ओळीत चांदणीचे चिन्ह, नक्षीचे नाव आणि वर्णन. त्याखालच्या प्रत्येक ओळीत एका रेघेचा हिशोब: रेघेचा कोन, ती कुठून सुरू होते तो बिंदू, पुढची समांतर रेघ किती सरकून आणि किती अंतरावर येईल, आणि शेवटी रेघ कुठे काढायची व कुठे उचलायची याची मापे. अधिक आकडा म्हणजे रेघ, उणे आकडा म्हणजे मोकळी जागा, शून्य म्हणजे ठिपका. बस्स, एवढेच. वर्तुळ नाही, कमान नाही, वळण नाही. बाक हवा असेल तर तो बारीक सरळ तुकड्यांत तोडून आणावा लागतो. विटेसाठी सर्रास वापरला जाणारा तिरपा हॅच या फाइलमध्ये एका ओळीचा आहे: ४५ अंशांची रेघ, ठरावीक अंतराने, अखंड.

म्हणून अक्षराचा हॅच करायचा तर आधी अक्षराचे अक्षरपण थोडे बाजूला ठेवावे लागते. ते सरळ रेघांत मोडायचे, आणि प्रत्येक रेघ ठरावीक अंतराने अनंतापर्यंत पुन्हा येईल असे बसवायचे. देवनागरीतले 'म' आणि 'न' घेऊन पाहा. गाठी सोडून दिल्या आणि दोन्ही अक्षरे चौकटीच्या कागदावर ताठ बसवली, तर चार ओळींत काम होते (प्रत्यक्ष फाइलमध्ये अर्थात इंग्रजी आकडे):

०, ०,६, ०,९
०, ०,२, ०,९, ४,-२
९०, ४,०, ०,६, ६,-३
९०, ०,२, ०,१२, ४,-५

पहिली ओळ शिरोरेखेची. तिला शेवटी तोड-मापे नाहीत, कारण ती कुठेच तुटत नाही. दुसरी दोन्ही अक्षरांच्या पोटातली आडवी रेघ. तिसरी दोन्ही अक्षरांचा उभा दंड. दोघांचाही दंड सहा-सहा घरांवर येतो म्हणून एकाच ओळीत भागते. चौथी फक्त 'म'ची डावी बाजू, बारा घरांनी एकदा. एवढ्यावर एकरभर जागा 'मन'ने भरून जाते.

आणि इथेच एक गंमत होते. शिरोरेखा अखंड असल्यामुळे शब्द कुठे सुरू झाला ते कळत नाही. 'मनमनमनमन' असे दिसते. तुम्ही 'मन' वाचा, शेजारचा 'नम' वाचेल. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. त्या गोष्टीत जे जिभेने केले तेच हॅच डोळ्यांना करायला लावतो. सारखे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना अक्षरांचे वावडे होते असे नाही. याच ऑटोकॅडमध्ये रेघेच्या मधोमध शब्द गुंफता येतो. गॅसची पाइपलाइन दाखवणारी रेघ मध्ये मध्ये 'गॅस' असे लिहीत जाते, आणि तसा शब्द रेघेच्या व्याख्येत घालायची सोय आहे. रेघेला दिशा असते, त्यामुळे तिच्यावरचा शब्द वाचता येतो. पृष्ठभागाला दिशा नसते. ज्यांना पृष्ठभागच शब्दाने भरायचा आहे त्यांच्यासाठी आडवाट आहे. शब्दाचा ब्लॉक करायचा आणि 'सुपरहॅच' नावाच्या जोड-साधनाने त्याच्या प्रती शेजारी शेजारी मांडून कडेला कापायच्या. दिसायला हॅचसारखे दिसते, आत मात्र शेकडो सुटे शब्द असतात आणि फाइल जड होते. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. आकृतीची कड जिथे येईल तिथे शब्द कापला जातो. अर्धा 'म', पाव 'न'. नक्षी असेल तर त्याचे कुणाला काही वाटत नाही.

सरळ रेघांची ही अट संगणकाने पहिल्यांदा घातली नाही. ती विटेने घातली होती. विटेला चार कोपरे असतात, तिला वळवता येत नाही. इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातल्या गवंड्यांना विटांच्या भिंतीवर अल्लाहचे नाव लिहायचे होते. वळणदार अरबी लिपी विटेत बसेना, तेव्हा त्यांनी कुफी लिपी आणखी ताठ केली. सगळी वळणे काटकोनात, अक्षराची जाडी एक घर, मधली मोकळी जागाही एक घर. याला चौकोनी कुफी म्हणतात. गझनीत सुलतान मसूद तिसरा (१०९९ ते १११५) याच्या मिनारावर तिचे चौकटीतले नमुने आहेत. पुढे साध्या विटांमध्ये निळ्या-फिरोजी झिलईच्या विटा ठरावीक घरात बसवून अख्खी भिंत शब्दांनी विणायची पद्धत रुळली. फारसीत तिला बन्नाई म्हणतात. बन्ना म्हणजे बांधणारा, गवंडी. नाव कलावंताच्या नव्हे, गवंड्याच्या हातावरून पडले हे मला फार आवडते. कझाकस्तानातल्या तुर्किस्तान शहरात तैमूरने १३८९ च्या सुमारास खोजा अहमद यसवी यांचा दर्गा बांधायला घेतला. त्याच्या प्रचंड भिंतींवर 'अल्लाह', 'मुहम्मद' ही नावे अशी विणलेली आहेत, की दुरून पाहणाऱ्याला ती तिरप्या चौकड्यांची गोधडीच वाटावी. समरकंदमध्ये तैमूरच्या कबरीवरच्या घुमटाखाली गोल फिरणाऱ्या भव्य अक्षरांचा अर्थ आहे, शाश्वत फक्त अल्लाह.

बन्नाईचा गवंडी जे करत होता आणि हॅचची फाइल जे करते त्यात तत्त्वाचा फरक नाही. घर मोजा, रेघ टाका, घर सोडा, पुन्हा टाका. चौकोनी कुफी ही हॅचच्या फाइलीत सर्वांत सहज उतरणारी लिपी आहे. तिला मोडावे लागत नाही, ती आधीच मोडलेली आहे. आपल्याकडच्या विणकराला यात काही नवल वाटणार नाही. सोलापुरी चादरीच्या कडेला नाव विणायचे तर तेही आधी आलेखाच्या कागदावर घराघरांत भरतात, मग जकार्डच्या पत्र्यांना भोके पडतात. एक घर, एक धागा. फ्रान्समध्ये १८०४ साली आलेल्या जकार्डच्या त्या पत्र्यांना पुढे संगणकाच्या पूर्वजांत मोजले गेले, तेव्हा विणकर आणि ड्राफ्ट्समन यांचे नाते तसे जवळचेच.

ही इराणी विद्या दख्खनमध्ये आली ती बिदरला. गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली बांधलेला मदरसा आजही अर्धामुर्धा उभा आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथे दारूचा स्फोट झाला आणि मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर रंगीत फरश्यांची नागमोडी नक्षी आहे, आणि दर्शनी भिंतीच्या वरच्या अंगाला कुराणाच्या आयतीची रुंद पट्टी. मिनारावरची नक्षी आणि पट्टीतला मजकूर इथे वेगवेगळे ठेवले आहेत. नागमोडी नक्षी मिनार वाढेल तितकी वाढू शकते. आयत मात्र जेवढी आहे तेवढीच. तिच्यासाठी भिंतीने जागा करून द्यायची.

विजापुरात वीट-फरशीऐवजी काळसर दगड आला आणि सगळे गणितच बदलले. दगडाला चौकटीची सक्ती नाही. छिन्नी वळते, त्यामुळे वळणदार लिपी परतली. इब्राहिम रौजा हे या अक्षरकामाचे शिखर. एका चौथऱ्यावर समोरासमोर मशीद आणि कबर, मध्ये हौद. काम सुरू झाले ते इब्राहिमची बेगम ताज सुलतान हिच्यासाठी, आणि शेवटी इब्राहिमही तिथेच विसावला. शिलालेखात हिजरी १०३६, म्हणजे १६२६-२७ हे वर्ष येते आणि हे काम पार पाडणारा म्हणून मलिक संदल याचे नाव येते. कबरीच्या बाहेरच्या भिंती उथळ कोरीवकामाने भरलेल्या आहेत. कुठे वेलबुट्टी, कुठे भूमितीची जाळी, कुठे आयती. अख्खे कुराण इथे कोरले आहे असा समज लोकांत आहे आणि मार्गदर्शक तो आनंदाने सांगतात. तसे नाही, निवडक आयती आहेत. पण तो समज का तयार झाला असेल हे भिंतीसमोर उभे राहिले की लगेच कळते. डोळ्याला रिकामी जागा सापडत नाही.

सर्वांत विलक्षण आहेत त्या खिडक्या. दगडाच्या पातळ पाट्या, आणि त्यांतली भोके म्हणजे अक्षरांमधली मोकळी जागा. उजेड आत येतो तो अक्षरे गाळून. म्हणूनच आतली खोली अंधारी वाटते.

आजच्या कारागिराने हे काम पाहिले तर त्याला आधी घाम फुटेल. लेझर किंवा सीएनसीवर जाळी कापणारे आपल्या प्रत्येक शहरात आहेत, आणि अक्षरांची जाळी कापताना सगळ्यांना एकच अडचण येते. अक्षरे भोक म्हणून कापली तर 'मीम'च्या डोळ्यातला तुकडा गळून पडतो. अक्षरे ठेवून मधली जागा कापली तर 'बे'चा नुक्ता हवेत लटकतो, तोही गळतो. मग नसलेल्या ठिकाणी पूल जोडावे लागतात, आणि पूल अक्षराला लागला की कधी कधी अक्षर बदलते. विजापूरच्या कारागिरांनी एका शब्दाची उभी काठी दुसऱ्या शब्दाच्या पसरट पोटातून नेली, अक्षरे एकमेकांत अशी गुंतवली की तीच एकमेकांना धरून राहतात. दगड तोलायला जे लागते तेच वाचायला लागते, वेगळा पूल नाही. हे प्रत्येक खिडकीसाठी, त्या खिडकीच्या मापात, त्या शब्दांसाठी नव्याने जुळवावे लागते. एक चौकट करून ती चारी दिशांना पुन्हा पुन्हा मांडून हे होत नाही. ज्या दरबारात खलीलुल्लाहसारख्या खुशनवीसाला 'कलमेचा बादशाह' हा किताब मिळत होता, तिथल्या पाथरवटाला असे काम मागणारे गिऱ्हाईक मिळाले यात आश्चर्य नाही.

विजापुरातच या उलट नमुनाही आहे. जामा मशिदीच्या फरशीवर नमाजीसाठी एकेक मुसल्ला आखलेला आहे. असे चौकोन सव्वादोन हजारांच्या आसपास आहेत आणि ते औरंगजेबाच्या काळात आखले असे सांगतात. हा शुद्ध हॅच आहे. एक चौकट, तीच पुन्हा, भिंतीपर्यंत. या फरशीवर एकही अक्षर नाही. त्याच मशिदीचा मेहराब मात्र सोनेरी लिखाणाने आणि चित्रांनी झळकतो. १६३६ मध्ये मुहम्मद आदिलशाहाच्या हुकमाने ते काम याकूत दाभुली याने केले. दाभुली म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा. पायाखाली अक्षरहीन चौकट, नजरेसमोर अक्षर.

हा निव्वळ सौंदर्याचा निर्णय नव्हता. तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी 'अत्-तिबयान' या कुराणाच्या अदबीवरच्या ग्रंथात भिंतींवर आणि कपड्यांवर कुराण व अल्लाहची नावे कोरणे-लिहिणे नापसंत ठरवले आहे. कारण समजायला अवघड नाही. भिंत पडते, कपडा मळतो, अक्षर पायदळी येते. आता गंमत पाहा, नववींच्या आधी आणि नंतरही अर्ध्या जगातल्या सुलतानांनी भिंती आयतींनी भरल्या. फकीहाची सावधगिरी आणि बांधणाऱ्याची हौस यांच्यातला हा ताण आपल्या इतिहासात कधी मिटला नाही, आणि मिटवायची घाईही मला दिसत नाही. पण बांधणाऱ्यांनी त्या सावधगिरीतून काहीतरी उचललेले दिसते. अक्षर उंचावर, फरशीवर नाही. अक्षराला चौकट, आणि मजकूर चौकटीत पुरा. ताजमहालच्या दारांभोवती अमानत खानाने लिहिलेल्या आयती वर जाताना मोठ्या होत जातात, म्हणजे खालून पाहणाऱ्याला सगळी अक्षरे सारखी दिसावीत. वाचणारा माणूस कुठे उभा असेल याचा विचार करून ठेवलेला. हॅचला वाचणारा माणूस माहीत नसतो. तो कडेला आला की कापतो, मग त्या जागी बिस्मिल्लाहची 'बे' असली तरी.

वाचणारा नाहीसा झाला की काय होते, याची उदाहरणे मुसलमानांच्या घरातलीही आहेत आणि बाहेरचीही. पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार जेंतिले दा फाब्रियानो मरियमच्या प्रभावळीत अरबीसारखी अक्षरे काढायचा. ती अरबी नव्हती. पूर्वेकडच्या कापडावर आणि धातूच्या भांड्यांवर पाहिलेली वळणे होती, पवित्र वाटणारी पण अर्थ नसलेली. त्यात कुणाचे नुकसान झाले नाही. १९९४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये शनेलच्या फॅशन शोमध्ये मात्र कुराणातल्या ओळी पोशाखाच्या वरच्या भागावर भरतकामात आल्या. डिझायनर कार्ल लागरफेल्डचे म्हणणे, ताजमहालविषयीच्या एका पुस्तकातून नक्षी घेतली आणि ती प्रेमकविता आहे असा समज होता. माफी मागितली गेली, कपडे नष्ट केले गेले. म्हणजे बघा, अमानत खानाने ज्याला वाचनीय करायला आयुष्य घातले ते साडेतीनशे वर्षांनी पुस्तकातून उचलून 'पॅटर्न' म्हणून कापडावर आले. १९९७ मध्ये उलटे झाले. नायकेने बुटावर ज्वाळांच्या आकारात 'एअर' हा शब्द काढला, तो पुष्कळांना 'अल्लाह' असा दिसला आणि ३८ हजार जोड परत घ्यावे लागले.

पण सगळ्यांत जास्त सलणारे उदाहरण लाहोरचे आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी इछरा बाजारात एक बाई अरबी अक्षरे छापलेला पोशाख घालून आली होती. अक्षरांत 'हलवा' हा शब्द होता. अरबीत त्याचा अर्थ सुंदर, गोड. जमावाने त्या आयती समजल्या. बाईला एका हॉटेलात कोंडून घ्यावे लागले, आणि एका महिला पोलीस अधिकाऱ्याने गर्दीतून तिला बाहेर काढले नसते तर काय झाले असते ते सांगायला नको. ज्या लोकांनी तिला घेरले त्यांची भाषा उर्दू-पंजाबी, लिपी जवळपास तीच. तरी कुणी वाचले नाही. त्यांच्यासाठी अरबी अक्षर ही वाचायची गोष्ट उरलीच नव्हती. ती पवित्रतेची नक्षी झाली होती, एक प्रकारचा हॅच. नववींची सावधगिरी अक्षराच्या सन्मानासाठी होती. इथे अक्षर न वाचताच सन्मानाची लढाई सुरू झाली. आपल्याकडेही मिरवणुकीतला उर्दू फलक किंवा टेम्पोवरचा शेर पाहून 'अरबीत काहीतरी लिहिलंय' असे म्हणणारे थोडे नाहीत, आणि ते सगळे बिगरमुस्लीमच असतात असे समजायचे कारण नाही. बिर्याणीच्या हॉटेलांच्या पाट्यांवर मराठी अक्षरांना अरबी वळण देतात तेव्हा निदान हसू तरी येते.

या सगळ्याचा नकाशा काढणाऱ्याशी थेट संबंध आहे, कारण इमारती आता फक्त नव्याने बांधल्या जात नाहीत, जुन्यांची नोंदही होते. विजापूरच्या इमारतींची सर्वांत तपशीलवार मोजणी हेन्री कझन्सच्या १९१६ साली पुरातत्त्व खात्याने छापलेल्या ग्रंथात आहे. त्यातले आराखडे आणि उभे छेद शाई-पेनने काढलेले आहेत. शिलालेखांसाठी त्या काळापासून वेगळी पद्धत वापरतात. ओला कागद दगडावर दाबून, ब्रशने ठोकून, वरून शाई फिरवायची. त्यातून अक्षराचा ठसा जसाच्या तसा मिळतो. दगडाचा पोत सर्वसाधारण रेघांनी दाखवला तरी चालते, कारण एक चिरा दुसऱ्यासारखाच. अक्षराला मात्र जागेवर जाऊन ठसाच घ्यावा लागतो. १९३६ साली मुहम्मद नाझिम यांनी विजापूरच्या शिलालेखांचा संग्रह याच खात्यातर्फे छापला, म्हणून आज घरी बसून आपण ते लेख वाचू शकतो.

संगणक आल्यावर मोह वाढला. दर्शनी भिंतीचे रेखाटन करताना शिलालेखाची पट्टी आली की तिथे इंटरनेटवरून घेतलेला अरबीसारखा दिसणारा पॅटर्न टाकून पुढे जाणे दोन मिनिटांचे काम. आराखडा भरगच्च दिसतो, पाहणारा खूश होतो. पण त्या पट्टीतल्या एखाद्या आयतीचा तुकडा उद्या पावसाने झिजला आणि दुरुस्ती करणाऱ्याने हा आराखडा उघडला, तर त्याला तिथे काय लिहिले होते ते कधीच कळणार नाही. उलट, तिथे होते ते चुकीचेच होते असे त्याला वाटेल. कोरी पट्टी ठेवून 'शिलालेख' एवढेच लिहिले असते तर निदान तो शोध तरी घेईल. शिलालेख वाचणाऱ्यांत झिजलेल्या अक्षराच्या जागी टिंबे देण्याची रीत आहे. अंदाजाने भरलेले अक्षर कंसात टाकतात. ड्राफ्ट्समनच्या हातात त्यासाठी लेयर आहेत. दगड एका लेयरवर, त्याला खुशाल हॅच. वेलबुट्टीचा एक भाग काढून त्याचा ब्लॉक करून फिरवला तरी हरकत नाही, कारीगरानेही बहुधा तसेच केले असेल. अक्षरे तिसऱ्या लेयरवर, फोटोवरून एकेक रेघ गिरवलेली. जे वाचता आले नाही तिथे मोकळी जागा, आणि हॅचची कड तिच्या अलीकडे थांबवलेली.

अशी एक खिडकी गिरवायला ज्याला लिपी येते अशा माणसालाही काही दिवस लागतील. लिपी येत नसेल तर शेजारी बसवायला माणूस शोधावा लागेल, आणि होटगी-विजापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात तो मिळेल. एखाद्या मदरशातला मुलगा, निवृत्त उर्दू मास्तर, किंवा कबरीच्या पाटीवर नाव कोरून देणारा कारागीर.